झोप प्रयत्नाने मिळते काय?



"भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा" ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांतून सर्वांच्या तोंडी आहे. खरी भूक लागली म्हणजे कोंडाही गोड लागतो, आणि खरी झोप आली म्हणजे उशाला धोंडा असला तरी चालतो, असा तिचा अर्थ. म्हण खरी आहे, परंतु ती अर्धीच खरी आहे. ज्यास भूक आहे त्याने अन्न शोधावे, कष्ट करून मिळवावे, हे त्यास करिता येते. पण ज्यास झोप येत नाही त्याने काय करावे? धोंडा उशाला घेतल्याने त्यास झोप येत नाही, आणि मऊ गादी अंथरल्यानेही येत नाही. तो डोळे मिटतो, कूस बदलतो, मनाशी आकडे मोजतो, आणि जो जो अधिक खटपट करितो तो तो अधिक जागा होतो. या लेखात आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहो तो हाच, की झोप ही प्रयत्नाने मिळणारी वस्तू आहे काय. आणि नसेल, तर ज्यास ती येत नाही त्याचे कर्तव्य काय, व त्याच्या शेजाऱ्याचे कर्तव्य काय.

कोणी म्हणेल की, मंडळीच्या पत्रात हा शरीराचा विषय कशाला? कारण असे की, झोप न येणारा मनुष्य आपले गाऱ्हाणे बहुधा प्रथम डॉक्टराकडे नेत नाही. तो ते घरातील वडीलधाऱ्यांकडे किंवा उपदेशकाकडे नेतो. तेथे त्यास पुष्कळदा असे उत्तर मिळते की, "तुमचा विश्वास कमी पडतो," अथवा "मनात काही लपवून ठेविले असेल." हे ऐकून तो घरी जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर एकाच्या जागी दोन ओझी असतात. जागरणाचे ओझे तर होतेच, त्यावर दोषाचे ओझे चढते. असले उत्तर देणे योग्य आहे की नाही, हे देणाऱ्याने पारखून पाहिले पाहिजे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. लग्नकार्य, लेकराचे आजारपण, कर्जाचा हप्ता, पिकावरील संकट यांमुळे दोनचार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तर तो रोग नव्हे. असे प्रत्येकास होते व कारण सरले म्हणजे झोप परत येते. झोपेस पुरेसा वेळ व योग्य जागा असूनही आठवड्यातून निदान तीन रात्री झोप येत नाही किंवा टिकत नाही, असे तीन महिने चालते, आणि त्यामुळे दिवसाचे कामही बिघडते, तेव्हा डॉक्टर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. या व्याख्येतील "वेळ व जागा असूनही" हे शब्द ध्यानात ठेवावे. कारण त्यांवरून असे दिसते की जागे राहणारे लोक एकाच प्रकारचे नसतात. कित्येकांची झोप दुसरे लोक हिरावून घेतात, कित्येकांची शरीराचा रोग घालवितो, आणि कित्येकांची झोप "झोप येणार नाही" या भयानेच जाते. तिघांस एकच औषध देणे हा अन्याय होय.

पहिल्या प्रकारासाठी मुंबईच्या उपनगरांकडे पाहावे. आपल्या गावांतील किती तरी तरुण पोटासाठी अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर येथे जाऊन राहिले आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाचसहा माणसे निजतात. एकाची पाळी संपून तो दार वाजवितो तेव्हा दुसऱ्याची पाळी सुरू होण्याची वेळ झालेली असते. घाटकोपरच्या वस्त्यांवरून विमाने रात्रीही खाली उतरत जातात. अंधेरीस १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झ वसाहतीत व तिच्या आसपासच्या कचेऱ्यांत कित्येक तरुण व तरुणी परदेशाच्या घड्याळाप्रमाणे रात्रभर काम करितात, आणि सूर्य वर आल्यावर, मुलांच्या व भाजीवाल्यांच्या गलबल्यात, निजू पाहतात. टेकडीवरील पुष्कळ वस्त्यांत नळास पाणी अवेळी येते. ते भरावयास बहुतकरून घरातील स्त्रीच उठते. ती सर्वांच्या शेवटी अंथरुणास पाठ टेकते व सर्वांच्या आधी उठते. तिला कोणी निद्रानाशाची रोगी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण तिची झोप नाश पावलेली नसून ती घरादाराने वाटून घेतली आहे.

ही गोष्ट मुंबईस नवी नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील गिरण्यांत विजेचे दिवे लागले, तेव्हा सूर्यास्ताबरोबर संपणारा कामाचा दिवस रात्रीत शिरला. कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने निजत. त्याच्या आधी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली होती. ती सुटी आपोआप मिळाली नाही. सभा भरवून, अर्ज करून, पुष्कळांनी मिळून मागितली तेव्हा मिळाली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. झोपेच्या बाबतीत मनुष्याचा प्रयत्न अगदीच व्यर्थ आहे असे नव्हे. मात्र त्याची वेळ दिवसा आहे, आणि पुष्कळदा तो आपल्यापेक्षा दुसऱ्याच्या झोपेसाठी करावयाचा असतो. हा विचार आपण पुढे पुन्हा हाती घेऊ.

आता कायदाही या बाजूस आला आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम भारत सरकारने २००० साली केले. त्यांप्रमाणे रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंतचा काळ हा रात्रीचा धरिला आहे, आणि राहत्या वस्तीत त्या वेळी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. दिवसा ती ५५ आहे. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लाविण्यास मनाई आहे. सणासमारंभासाठी राज्य सरकारास वर्षातून १५ दिवसांपर्यंत, तीही रात्री १२ पर्यंतच, सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली असे ठरविले की शांतपणे झोप घेणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर निजलेल्या जमावास पोलिसांनी मध्यरात्री हुसकावून लाविले होते, त्या प्रकरणातील हा निवाडा होय.

याहून जवळचे उदाहरण मुंबईचेच आहे. एका ६४ वर्षांच्या गृहस्थास सक्तवसुली संचालनालयाने चौकशीस बोलाविले व त्यांचा जबाब मध्यरात्र उलटून गेल्यावरही नोंदविणे चालू ठेविले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची अटक रद्द करण्याची मागणी फेटाळिली. तथापि रात्रभर जागवून चौकशी करण्याच्या रीतीविषयी तीव्र नापसंती दर्शविली. झोप ही मनुष्याची मूलभूत गरज आहे, ती हिरावून घेतल्याने शरीराचे व बुद्धीचे नुकसान होते, यास्तव जबाब योग्य वेळीच घ्यावेत, असे न्यायालयाने सांगितले. येथे मर्माची गोष्ट ही की, ज्याच्यावर आरोप होता त्याचीही झोप न्यायालयाने राखली. झोप हे सद्गुणाचे बक्षीस असते तर प्रथम त्या मनुष्याचा निर्दोषपणा पाहावा लागला असता. परंतु अन्नपाण्याप्रमाणे झोपही मनुष्यास तो मनुष्य आहे एवढ्याच कारणाने द्यावयाची असते.

वाचकहो, येथे आपण आपलेही घर तपासले पाहिजे. दुसऱ्यांच्या सणातील कर्णे आपणांस ऐकू येतात, आणि नाताळच्या रात्री दारोदार फिरणारी आपली ढोलकी आपणांस गोड लागते. गल्लीत आजारी म्हातारी आहे, पहाटे चारला कामावर जाणारा शेजारी आहे, हे आपल्या गाण्याच्या वेळीही तितकेच खरे असते. रात्री दहानंतर आपली भजने दाराआड व हलक्या आवाजात व्हावी. रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा निजला असेल तर घराने त्यास रात्रीसारखीच शांतता द्यावी, खिडकीस जाड कापड लावावे, आणि "दिवसा लोळतो" असे त्यास बोलू नये. पाणी भरण्याची पाळी घरातील पुरुषांनी व वाढत्या मुलांनी वाटून घ्यावी. पत्नीची झोप वाचविणे ही दया नसून न्याय होय.

दुसऱ्या प्रकाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे उपदेशाचे काम नसून डॉक्टराचे आहे. दमा, खोकला, सांधेदुखी, मधुमेहामुळे रात्री वारंवार लघवीस उठणे, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा बिघाड, ही सर्व झोप मोडतात. जो मनुष्य मोठ्याने घोरतो, घोरता घोरता ज्याचा श्वास अडकतो व मग तो दचकून श्वास घेतो, आणि जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याने झोपेची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरास अवश्य भेटावे. त्यास गोळी अपायकारक होण्याचा संभव आहे. तसेच जो नित्य पहाटे फार लवकर जागा होतो, ज्याचे मन सदा खिन्न असते व ज्यास कशातच गोडी वाटत नाही, त्याची झोप न येणे हे मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल तर एक रात्रही थांबू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथे कोणत्याही वेळी, पैसे न देता, मराठीतही बोलता येते. जवळच्या माणसाने अशास एकटे ठेवू नये.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. येथे रोग व नीती यांची गुंतागुंत झाली आहे, म्हणून सावकाश विचार करू. लोकांत असा समज आहे की, ज्याचे मन शुद्ध त्यास झोप शांत. आणि ज्यास झोप नाही त्याच्या मनात काही तरी खुपत असलेच पाहिजे. हा समज शास्त्रातील माणसांस लावून पाहा. योना आपले कर्तव्य टाळून पळून चालला होता, तेव्हा वादळातही तो तारवाच्या तळाशी गाढ निजला होता. गाढ झोप ही शुद्ध मनाची साक्ष असती तर योनाची साक्ष कोणी मानिली असती? आता प्रभूची दोन चित्रे जवळजवळ ठेवा. वादळात तो मचव्याच्या वरामावर उशी घेऊन निजला होता व शिष्य भयाने जागे होते. गेथशेमाने बागेत तोच दुःखाने व्याकूळ होऊन जागा होता व शिष्य निजले होते. एके ठिकाणी निजणे हा विश्वास, दुसऱ्या ठिकाणी जागणे हा विश्वास. तेव्हा केवळ कोण निजला व कोण जागा राहिला, यावरून कोणाच्या अंतःकरणाचे माप घेता येत नाही. ७७ व्या स्तोत्राचा कर्ता तर आपल्या पापण्या देवानेच मिटू दिल्या नाहीत असे गाऱ्हाणे करितो, आणि ते गाऱ्हाणे शास्त्रातून कोणी गाळून टाकिले नाही.

तर मग जागरण व सदसद्विवेक यांचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण वेगळा. अहश्वेरोश राजास एका रात्री झोप येईना, तेव्हा त्याने राज्याची बखर वाचवून घेतली, आणि मर्दखयाने आपला जीव वाचविला असता त्यास काहीच मोबदला दिला नाही, हे त्यास कळले. रात्रीच्या शांततेत राहून गेलेले देणे, दुखविलेला भाऊ, न पाळिलेला शब्द कित्येकदा आठवतो. अशी आठवण आली तर तिचा अव्हेर करू नये. परंतु ध्यानात ठेवा, राजाने मोबदला सकाळी दिला. देणे रात्री फिटत नाही. म्हणून आठवलेली गोष्ट एका कागदावर लिहून ठेवावी, किंवा लिहिता येत नसेल तर उशाजवळ एक खडा ठेवावा, आणि ती उद्या उजेडात करावी. याहून बरे हे की, ज्यास चिंतेची सवय आहे त्याने संध्याकाळी जेवणापूर्वी पाव तास बसून दुसऱ्या दिवसाची कामे व चिंता मोजून घ्याव्या. मग रात्री त्या पुन्हा दाराशी आल्या तर "तुमची वेळ होऊन गेली" असे त्यांस म्हणता येते.

आता मूळ प्रश्न. झोपेचे ज्ञान आज पुष्कळ वाढले आहे. शरीरात दोन गोष्टी झोप आणितात. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोपेची भूक वाढते. दुसरी गोष्ट मेंदूतील एक घड्याळ होय. ते डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून दिवस व रात्र ओळखते. शरीराच्या या घड्याळाचे कार्य पेशींत कसे चालते हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन्ही गोष्टींवर मनुष्याच्या इच्छेचा हुकूम चालत नाही. उलट, झोप मिळविण्याची जिद्द धरिली की शरीर सावध होते व अंग ताठते. मनुष्य घड्याळ पाहतो, किती तास उरले याचा हिशेब करितो, उद्याचे काम कसे होईल याचे भय धरितो, आणि ते भयच पहारेकरी होऊन बसते. व्हिएन्ना येथील डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल हे अशा रोग्यांस निराळेच सांगत: झोपण्याचा प्रयत्न सोडा आणि जागे राहण्याचा प्रयत्न करा. जिद्द सुटली की पहारेकरी उठून जातो, आणि मग पुष्कळदा झोप आपल्या पावलांनी येते. बुजलेल्या शेळीच्या मागे धावले तर ती रानात जाते, आणि आपण बांधावर स्वस्थ बसलो तर चरत चरत जवळ येते, हे आपल्या गुराख्यास ठाऊकच आहे.

शेतकऱ्यास तर हे याहूनही अधिक ठाऊक आहे. तो नांगरितो, कुळवितो, वेळेवर पेरितो, तण काढितो. पण रोप उंच व्हावे म्हणून त्यास हाताने ओढीत नाही. बी पेरून मनुष्य निजतो व उठतो आणि बी कसे रुजते हे त्याचे त्यास कळत नाही, असा दाखला प्रभूने दिला आहे. झोपेचेही तसेच आहे. मशागत आपली, रुजणे आपले नव्हे. जो मनुष्य प्रत्येक गोष्ट कष्टाने मिळवावी असे शिकला, त्यास हा धडा कठीण जातो. उद्योगी व कर्तव्यदक्ष माणसे कित्येकदा अधिक तळमळतात ती याच कारणाने. दिवसा जो गुण त्यांस उपयोगी पडतो तोच रात्री अंथरुणात घेऊन ती जातात.

मशागत म्हणजे काय ते आता सांगतो. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली असे सुचविले की, प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी सवयी व विचार बदलण्याचा उपचार करावा. त्या उपचारातील मुख्य गोष्टी खेड्यातही करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, उठण्याची वेळ एकच ठेवावी. रात्र कशीही गेली तरी ठरल्या वेळी उठावे व बाहेर उजेडात यावे. झोपेची वेळ आपल्या हाती नाही, उठण्याची आहे. म्हणून नियम तेथे बांधावा.

दुसरी, अंथरूण केवळ झोपेसाठी असावे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली ही रीत मांडली. झोप आली तरच आडवे व्हावे. बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि पेंग आल्यावर परत यावे. कोणी म्हणेल, घाटकोपरच्या खोलीत दुसरी खोली कोठून आणावी? यावर आमचे उत्तर असे की, आपल्या जुन्या चालीतच सोय आहे. आपल्या घरी गादी सकाळी गुंडाळून ठेवितात व रात्रीच पसरितात. ही चाल सोडू नये. दिवसा बसण्यास चटई वेगळी ठेवावी. रात्री झोप गेली तर अंथरुणावरून उठून त्या चटईवर, भिंतीस टेकून, अंधारात स्वस्थ बसावे. चार हात दूर जाणे पुरे आहे. मनास एवढेच शिकवावयाचे आहे की गादी ही तळमळण्याची जागा नव्हे.

तिसरी, अंथरुणावरचा वेळ कमी करावा. झोप येत नाही म्हणून लोक लवकर आडवे होतात, आणि त्यानेच रोग वाढतो. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली याच्या उलट रीत प्रसिद्ध केली. समजा, कोणी रात्री ९ ते पहाटे ५ असा आठ तास पडून राहतो, पण झोपतो सहाच तास. त्याने ११ वाजेपर्यंत अंथरुणाकडे जाऊच नये व ५ वाजता उठावे. पहिले काही दिवस कठीण जातात. मग झोपेची भूक साचते व झोप सलग होते. त्यानंतर दर आठवड्यास पंधरा मिनिटे वाढवीत जावी. पाच तासांहून कमी वेळ मात्र कोणी ठेवू नये. वाहन हाकणारे, उंचावर किंवा यंत्रावर काम करणारे, फेपरे येणारे, ज्यांस कधी उन्माद झाला आहे असे, व गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरास विचारल्यावाचून ही रीत करू नये.

चौथी, जे झोपेस मारक आहे ते ओळखावे. चहातील कॅफीन अॅडिनोसिनास आपले काम करू देत नाही, आणि सुमारे पाच तासांनीही त्याचा अर्धा भाग शरीरात उरतो. यास्तव दुपारनंतर चहा घेऊ नये. तंबाखू व मशेरी यांतील निकोटिन मनुष्यास जागे करिते. रात्री निजताना मशेरी लावणाऱ्या आपल्या माताभगिनींनी हे ध्यानात घ्यावे. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. जायफळ चिमूटभर दुधात घेतले तर बाधत नाही, परंतु जास्त घेतले तर विषासारखे होते. मोबाइल निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. वामकुक्षी अर्ध्या तासाहून अधिक नसावी. झोपेच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. आणि जो त्या पुष्कळ दिवस घेत आहे त्याने त्या एकाएकी सोडूही नयेत, डॉक्टराच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या.

पाचवी, मध्यरात्री जाग आली तर घाबरू नये. रॉजर एकर्क नावाच्या इतिहासकाराने युरोपातील जुन्या कागदपत्रांवरून असे दाखविले आहे की, विजेचे दिवे येण्यापूर्वी तेथील पुष्कळ लोक रात्री दोन टप्प्यांत झोपत व मधल्या वेळात जागे असत. आपल्या आज्या पहाटेच्या अंधारात जात्यावर बसत, त्यांसही त्या जागेपणाचे भय नव्हते. वय वाढले म्हणजे झोप हलकी व तुटक होतेच. ज्यास वाटते की आपण रात्रभर जागलो, त्यास पुष्कळदा मध्ये काही तास डोळा लागलेला असतो. मात्र त्याची आठवण राहत नाही. एका वाईट रात्रीने मनुष्य मोडत नाही. हे जाणले की भयाचे अर्धे बळ जाते.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. झोप न येणाऱ्यास "अधिक प्रार्थना करा" एवढेच सांगून परत पाठवू नका. प्रार्थना चांगलीच, पण झोप आणण्यासाठी केलेली प्रार्थना नकळत आणखी एक प्रयत्न होते. मनुष्य आमेन म्हणतो आणि लगेच, आली काय, म्हणून पाहतो. त्यास असे सांगा की, प्रार्थना करून तिच्या फळावर पहारा ठेवू नये. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्यास रागे भरले नाही. त्यास निजू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. पुढील आज्ञा त्यानंतर आली. आपणही थकलेल्या मनुष्यास प्रथम विचारावे: घरी निजावयास जागा आहे काय? पाळी कोणती आहे? पाणी कोण भरते? चहा किती होतो? श्वास अडकतो काय? हे प्रश्न विचारणे हे पाळकाच्या कामाहून वेगळे नव्हे. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती नाही त्यासाठी त्यास सरकारी दवाखान्यात आपण स्वतः घेऊन जावे.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे. अंथरुणावर पडून केलेल्या प्रयत्नाने झोप मिळत नाही. ती तेथे केवळ येऊ द्यावयाची असते. दिवसा केलेल्या प्रयत्नाने मात्र तिची वाट मोकळी होते, आणि तो प्रयत्न एकट्याने करावयाचा नाही. जागणाऱ्याने आपली उठण्याची वेळ सांभाळावी, घराने त्यास शांतता द्यावी, गावाने रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवावे, मालकाने पाळी माणसाच्या शरीराकडे पाहून लावावी. इतके करूनही एखाद्या रात्री झोप आली नाही, तर त्या मनुष्याने आपणांस दोषी मानू नये व आम्हीही त्यास दोषी मानू नये. त्याने चटईवर स्वस्थ बसावे. पहाट होणारच आहे, आणि ती त्याच्या जागण्याने लवकर येत नाही की त्याच्या निजण्याने उशिरा येत नाही. सध्या सुगीमुळे किंवा परीक्षेमुळे ज्या घरांत उशिरापर्यंत दिवे जळत आहेत, त्यांनी येत्या आठवड्यात आपल्या घरी सर्वांत कमी कोण निजते, याचा एकदा शोध घ्यावा, आणि त्याचे किंवा तिचे एक काम आपल्या अंगावर घ्यावे.